फिफाला जाब विचारायचा कोणी?

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचं काम बघणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “फिफा काही सरकार नाही, युनोची शाखा नाही. मग २०२२ मध्ये तिने भारतावर बंदी घातली ती कोणत्या अधिकारात? आपलं सुप्रीम कोर्ट मोठं की झुरिकमधलं ऑफिस? ज्यांचे पदाधिकारी लाचेच्या प्रकरणात उचलले गेले, ते आम्हाला कारभार शिकवणार? त्यापेक्षा सरकारनेच फुटबॉल ताब्यात घेतला तर काय बिघडलं?”

मी वकील. गेली सव्वीस वर्षं माझं बरंचसं काम धर्मादाय आयुक्त कार्यालयातलं आहे. तालमी, तरुण मंडळं, क्रीडा संघटना, वाचनालयं यांच्या घटना म्हणजे नियमावल्या लिहायच्या, पदाधिकारी बदलले की त्याचा चेंज रिपोर्ट दाखल करायचा, आणि दोन गटांत जुंपली की एकाच्या बाजूने उभं राहायचं. त्याआधी पेठेच्या संघातून राइट हाफला खेळलो. कुणाच्या लक्षात राहावं इतकं चांगलं नाही. त्यामुळे फिफाकडे मी मैदानापेक्षा फायलीच्या बाजूने बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही विचारताय अधिकाराबद्दल, पण तुमचा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे असं मला वाटतं. या लोकांना जाब विचारणारं कुणी आहे की नाही? त्याच प्रश्नाला धरून सांगतो.

फिफा कायद्याने काय आहे हे ऐकून हसाल. ते एक मंडळ आहे, तुमच्या तालमीसारखंच. २१ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये सात देशांनी मिळून ते स्थापन केलं. (आपल्याकडेही सोसायटी नोंदवायला किमान सात माणसं लागतात, हा निव्वळ योगायोग.) आज ते झुरिकमध्ये आहे आणि स्विस दिवाणी संहितेच्या कलम ६० खाली येतं. त्या कलमाप्रमाणे मंडळ जन्माला यायला लेखी घटना पुरते. ‘आम्ही संस्था म्हणून उभे राहतोय’ एवढं तिच्यातून दिसलं की झालं. तुम्हाला मात्र १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, पीटीआर नंबर (विश्वस्त संस्थेचा नोंदणी क्रमांक), दरवर्षीचं ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. एक खजिनदार बदलला म्हणून लोक माझ्या ऑफिसच्या किती पायऱ्या झिजवतात ते मी रोज बघतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त स्वतःहूनही चौकशी लावू शकतात. स्विस कायद्यात मंडळाचा ठराव घटनेविरुद्ध गेला तर कलम ७५ खाली कोर्टात जाता येतं, पण कुणाला? त्या ठरावाला संमती न दिलेल्या सभासदाला, आणि तेही महिन्याच्या आत. फिफाचे सभासद म्हणजे २११ राष्ट्रीय संघटना. खेळाडू सभासद नाही. तिकीट काढणारा सभासद नाही. कतारमध्ये स्टेडियम बांधणारा नेपाळी मजूर तर नाहीच नाही.

म्हणजे जाब विचारायचा तर या २११ जणांनी. ते का विचारत नाहीत, हे कळायला माझ्याच एका प्रकरणाचा उपयोग होईल.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका क्रीडा संघटनेची निवडणूक झाली. खेळ सांगत नाही, तालुकाही नाही. हरलेला गट माझ्याकडे आला. मी कीर्द, व्हाउचर फाइल आणि मतदार यादी मागवली. वार्षिक सभेच्या बरोबर आठ दिवस आधी सगळ्या संलग्न संघांना ‘साहित्य अनुदान’ म्हणून पंधरा-पंधरा हजारांचे चेक निघाले होते. नियमाबाहेर काही नव्हतं. ठराव होता, व्हाउचर होतं, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सह्या होत्या. बरं, पैसे कुणी खाल्लेही नव्हते. एका मैदानावर जाऊन मी स्वतः नवी जाळी ओढून बघितली. चांगली नायलॉनची होती. पण मतदार यादी आणि चेकची यादी शेजारी ठेवली तर नावांचा क्रमसुद्धा तोच. झेरॉक्सवाल्याने एकच पान दोनदा काढल्यासारखं. विद्यमान अध्यक्ष बिनघोर निवडून आले. मी प्रकरण हरलो, आणि कायद्याने हरायलाच हवं होतं.

फिफाची रचना हीच आहे, फक्त शून्यं जास्त. निवडणुकीत आणि सर्वसाधारण सभेत प्रत्येक संघटनेला एक मत. जर्मनीला एक, भारताला एक आणि कॅरिबियनमधल्या माँटसेराटलाही एक. माँटसेराटची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास; आपल्या एकेका पेठेत याहून जास्त माणसं राहतात. २०२३ ते २०२६ या चार वर्षांसाठी फिफाच्या ‘फॉरवर्ड’ योजनेतून प्रत्येक संघटनेला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. जर्मनीला एवढ्या रकमेने फरक पडत नाही. छोट्या बेटाला मात्र ती म्हणजे ऑफिस, कृत्रिम गवत, पगार, विमानाची तिकिटं, सगळंच. ज्याच्या सहीने हे येतं त्याच्याविरुद्ध हात वर करायला केवढी छाती लागेल? त्यासाठी लाच द्यावी लागत नाही. अनुदान नियमाप्रमाणे दिलं तरी भागतं.

इथे एक थांबा घेतो, कारण ‘एक देश एक मत’ हाच सगळा घोटाळा आहे असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. १९६६ च्या विश्वचषकात आफ्रिकेला एकही हक्काची जागा नव्हती, म्हणून आफ्रिकी देशांनी त्यावर बहिष्कार टाकला. तेव्हाचे इंग्रज अध्यक्ष स्टॅनली राउस वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेबाबत मवाळ होते. १९७४ मध्ये ब्राझीलच्या जुआव आवेलांज यांनी त्यांना हरवलं ते प्रामुख्याने आफ्रिका-आशियाच्या मतांवर, आणि १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेला फिफातून काढण्यात आलं. एक मत नसतं तर युरोपच्या चार-पाच संघटनांनी हा खेळ आपल्या वाड्यात कोंडून ठेवला असता. पण तेच आवेलांज पुढे चोवीस वर्षं खुर्चीत राहिले, आणि आयएसएल नावाच्या मार्केटिंग कंपनीकडून त्यांनी पैसे घेतल्याचं स्विस न्यायालयाच्या कागदपत्रांतून २०१२ मध्ये जगासमोर आलं. मताचा हक्क देऊन ज्यांना उभं केलं, त्यांच्याच मतांवर मग राज्य केलं.

आता लाचेकडे येऊ, कारण त्याचं एक चित्र डोळ्यांसमोर असलेलं बरं. मे २०११, पोर्ट ऑफ स्पेनचं हॉटेल, कॅरिबियन संघटनांची बैठक. फिफा अध्यक्षपदाचे उमेदवार मोहम्मद बिन हम्माम पाहुणे. बैठकीला आलेल्या प्रतिनिधींना पाकिटं वाटली गेली, आत रोख ४०,००० डॉलर. बहामाच्या प्रतिनिधीने पाकीट परत केलं आणि वर कळवलं, म्हणून बोभाटा झाला. फिफाने बिन हम्माम यांना आजीवन बंदी घातली, लोझानच्या क्रीडा लवादाने ती पुराव्याअभावी रद्द केली, आणि वर्ष संपायच्या आत दुसऱ्या प्रकरणात फिफाने त्यांना पुन्हा आजीवन बाहेर काढलं. पाकिटाचे व्यवहार शाबित करणं किती अवघड असतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

मग २७ मे २०१५ ची पहाट. झुरिकमधल्या बोर ओ लाक हॉटेलातून सात पदाधिकाऱ्यांना स्विस पोलिसांनी ताब्यात घेतलं, अमेरिकेच्या सांगण्यावरून. हॉटेलच्या नोकरांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या, साहेबांचे चेहरे कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून. तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट दोन दिवसांनी घडली. २९ मे रोजी, त्याच शहरात, त्याच सभेने सेप ब्लाटर यांना पाचव्यांदा अध्यक्ष केलं. पहिल्या फेरीत १३३ विरुद्ध ७३. चार दिवसांनी त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, ते सभासदांनी विचारलं म्हणून नव्हे. चादरी धरल्या गेल्या त्या आठवड्यातही मतदार यादी आणि चेकची यादी एकच होती.

आणि अमेरिका कशाला मध्ये पडली? कारण पैसे अमेरिकी बँकांतून फिरले होते, व्यवहार तिथल्या जमिनीवर झाले होते. स्वित्झर्लंडमध्ये खाजगी संस्थेच्या पदाधिकाऱ्याने लाच घेतली तर पूर्वी कुणी तक्रार केल्याशिवाय खटला उभा राहत नसे. तो कायदा बदलला १ जुलै २०१६ पासून. लोक त्याला ‘लेक्स फिफा’, म्हणजे फिफासाठीचा कायदा, म्हणतात. एका मंडळासाठी देशाने कायदा बदलावा, हा मान आपल्या कुठल्या तालमीला अजून मिळालेला नाही.

२०१६ च्या सुधारणा कागदावर चांगल्या आहेत, हे वकील म्हणून मान्य करतो. जुनी कार्यकारी समिती गेली, ३७ जणांची कौन्सिल आली. अध्यक्षाला बारा वर्षांची मर्यादा. त्याच्याही आधी झालेला आणखी एक बदल: विश्वचषक कुठे भरवायचा हे आता बंद खोलीतले वीस-बावीस जण ठरवत नाहीत, सर्वसाधारण सभा ठरवते. २०१० मध्ये रशिया आणि कतार निवडले गेले तेव्हा चोविसातले दोघे आधीच निलंबित होते, म्हणून बावीस जणांनीच मतदान केलं होतं. त्या मानाने हा बदल मोठाच.

पण घटना लिहिणाऱ्याला घटना कशी वाकते हेही दिसतं. बारा वर्षांची मर्यादा आहे, मात्र विद्यमान अध्यक्ष जानी इन्फान्तिनो यांची २०१६ ते २०१९ ही पहिली तीन वर्षं धरायची नाहीत असं ठरलं, कारण ती ब्लाटर यांची उरलेली मुदत होती. म्हणजे ते २०३१ पर्यंत राहू शकतात. अशा ‘पहिली टर्म मोजू नये’ कलमाचे चार मसुदे माझ्याही कपाटात आहेत. फी मिळाली, लिहून दिले. २०१७ मध्ये बहारीनच्या सभेच्या वेळी नैतिकता समितीच्या दोन्ही प्रमुखांना, कॉर्नेल बोर्बेली आणि हान्स-योआखिम एकर्ट यांना, मुदतवाढ मिळाली नाही. आपल्याकडे शेकडो प्रकरणं चौकशीत होती, असं ते जाता जाता सांगून गेले. आणि ११ डिसेंबर २०२४ ला ऑनलाइन सभेत २०३० आणि २०३४ चे दोन्ही विश्वचषक एकाच ठरावात निघाले. २०३४ साठी सौदी अरेबिया हा एकच दावेदार. मतपत्रिका नाही, पडद्यावर टाळ्या. नॉर्वेच्या संघटनेने या पद्धतीवर आधीच लेखी आक्षेप घेतला होता. ‘टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर’ हे वाक्य मी हजारभर प्रोसिडिंगमध्ये वाचलंय. जिथे ते सापडतं तिथे मी मागची चार पानं परत वाचतो.

आता भारत, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांची सरकारच्या क्रीडा संहितेनुसार मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली होती, निवडणूक झाली नव्हती. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या समितीला बाजूला करून तीन प्रशासक नेमले. ऑगस्टमध्ये फिफाने ‘तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप’ म्हणून भारताला निलंबित केलं. कोर्ट मोठं की फिफा? भारतात कोर्टच मोठं, त्यात वाद नाही. फिफाने कोर्टाला काहीच हुकूम केला नाही. ती एवढंच म्हणाली, की आमच्या नियमात बसत नसाल तर आमच्या स्पर्धेत खेळू नका. सभासदत्व हा करार आहे. उद्या तुमच्या संघाला लीगमधून काढलं तर तालीम तालीमच राहील, गणपतीही बसेल. पण शाहू स्टेडियमवर तुम्ही खेळणार कुणाशी?

हा ‘कुणाशी’ किती टोकदार असतो ते गोकुलम केरळच्या मुलींना कळलं. त्या आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या आणि तिथेच अडकल्या, न खेळताच परत आल्या. ऑक्टोबरात भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत होणारा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक टांगणीला लागला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये याच वयोगटाच्या विश्वचषकात भारताकडून खेळला होता, तेव्हा पेठेत काय वातावरण होतं ते आठवून बघा, म्हणजे या मुलींचं काय जाणार होतं ते कळेल. २२ ऑगस्टला कोर्टाने प्रशासकांची नेमणूक संपवली, २६ ला बंदी उठली.

एक तपशील मात्र बातम्यांच्या गडबडीत हरवला. कोर्टाने आधी ठरवलेल्या मतदार यादीत ३६ राज्य संघटनांबरोबर ३६ नामवंत माजी खेळाडूही होते. फिफाला ते मान्य नव्हतं, आणि शेवटी खेळाडूंची मतं गळाली. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत कल्याण चौबे यांनी भारताचे माजी कर्णधार बायचुंग भुतियांना ३३ विरुद्ध १ असं हरवलं. भुतिया चांगले प्रशासक ठरले असते की नाही, मी सांगू शकत नाही. नामवंत खेळाडूंनी संस्था बुडवल्याची उदाहरणं माझ्या फायलीत आहेत. पण फुटबॉल संघटनेच्या यादीत खेळाडू हाच उपरा ठरावा, यात या सगळ्या रचनेचा स्वभाव दिसतो. १९ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली, तीत खेळाडूंना सर्वसाधारण सभेत जागा आहे. म्हणजे तीन वर्षांनी गाडी बरीचशी जिथून निघाली तिथे आली.

मग सरकारने ताब्यात घ्यावं का? हे देशावर आणि सरकारवर अवलंबून आहे, आणि इथे मी सरळ हो-नाही देणार नाही. हस्तक्षेपबंदीचा नियम सोडून दिला तर अनेक देशांत पुढचा अध्यक्ष मंत्र्याचा मेहुणा असेल, आणि संघात कोण खेळणार हेही तोच सांगेल. त्या अर्थी नियम खरंच ढाल आहे. पण त्याच ढालीमागे मुदत संपलेले लोकही लपतात. माझ्या कामातला अनुभव असा, की सरकारने संस्था चालवायला घेतली की दोन वर्षांत ती दुसऱ्या गटाची होते. मात्र संस्थेबाहेर कुणीतरी वही तपासणारा असला की पदाधिकारी आपोआप जरा नीट सही करतात. चालवणं वेगळं, तपासणं वेगळं. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा मंडळ आणि स्वतंत्र लवाद आहे. तो तपासणारा ठरतो की चालवणारा, हे त्यावर माणसं कोण बसतात यावर ठरेल.

फिफाच्या बाबतीत बघा, आजवर तिला वाकवलं कुणी? अमेरिकी सरकारी वकिलांनी बँकेच्या नोंदींवरून, स्विस संसदेने कायदा बदलून, आणि अलीकडे युरोपीय न्यायालयाने. मोठ्या क्लबांनी वेगळी काढायला घेतलेल्या सुपर लीगच्या २१ डिसेंबर २०२३ च्या निकालात त्या न्यायालयाने म्हटलं, की नियम करणारे आणि धंदा करणारे तुम्हीच, तर दुसऱ्याच्या स्पर्धेला परवानगी द्यायचे निकष पारदर्शक आणि भेदभाव नसलेले हवेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासाना दियारा या खेळाडूच्या प्रकरणात ट्रान्सफरचे, म्हणजे खेळाडूने क्लब बदलण्याचे, काही नियमही युरोपच्या कायद्याविरुद्ध ठरले. यातलं एकही काम २११ सभासदांनी केलेलं नाही.

आता तुमच्या हातातलं. तुमच्या शहर किंवा जिल्हा संघटनेच्या घटनेत अनुदान आणि निवडणूक यांच्या तारखा कुठे आहेत ते बघा. वर सांगितलेल्या प्रकरणानंतर त्याच संघटनेने (जिंकलेल्या गटानेच, गंमत बघा) मला नवी घटना लिहायला बोलावलं. मी कलम घातलं: निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत अनुदान वाटप बंद. सभेत चार छोटे संघ उठले. म्हणाले, “वकीलसाहेब, त्याच महिन्यात हंगाम सुरू होतो, पोरांना बूट कुठून आणायचे?” ते खरंच होतं. तासभर खल झाला, चहा दोनदा फिरला. शेवटी कलम तसंच ठेवून निवडणूकच हंगाम संपल्यावर, जूनमध्ये ढकलली. शिवाय सर्वसाधारण सभेत आजी खेळाडूंच्या दोन जागा, मतासह. त्यावर कुणीच बोललं नाही, कारण तोवर पाऊस सुरू झाला होता आणि सगळ्यांना गाड्या आत घ्यायच्या होत्या.

तुमच्याकडे असा बदल करायचा असेल तर आधी सध्याच्या घटनेची प्रत आणि शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा) उतारा मिळवा. उताऱ्यावरची नावं आणि प्रत्यक्ष काम करणारी माणसं जुळत नसतील, आणि दहातल्या सात ठिकाणी जुळत नाहीत, तर आधी तो चेंज रिपोर्ट मार्गी लावावा लागेल. त्याशिवाय घटनादुरुस्तीचा ठराव टिकत नाही.